शुद्ध पाण्याचा कॅन

मी काही लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. त्यातून गेलेल्या गुरूविषयी कडू लिहायचं म्हणजे आगाऊपणाच, त्याची माफी असावी. पण सर गेल्यापासून महिनाभर त्यांच्याबद्दल जे गोडगोड छापून येतंय, ते वाचून गप्प राहवेना...

साखर कारखान्याच्या संस्थेचं आमचं कॉलेज. सर पॉलिमर शिकवत आणि उत्तम शिकवत, ते मी नाकारणार नाही. रेणूंच्या लांब साखळीला तेलकट शेपट्या जोडल्या तर पाण्यात काय होतं, असं त्यांनी एकदा मला उभं करून विचारलं. मला येईना.

"लिंबागणेशचा ना बे तू? बाप मेंढ्या राखतो ना? भर उन्हात मेंढ्या काय करतात?"

"मुंडकी आत घालून गोळा होतात, सर. पाठी उन्हाला."

"तेच! शेपट्यांना पाणी सोसत नाही, त्या आत दडतात. पाणी मानवणारा भाग बाहेर. बस खाली, मेंढरा."

वर्ग हसला. दोन वर्षं माझं तेच नाव राहिलं.

तरी प्रकल्प मी त्या शेपट्यांचाच घेतला. आखूड, मध्यम, लांब... किती लांबीच्या शेपटीला गोळे नीट जमतात, ते पाहायचं. साल दुष्काळाचं. कॉलेजला कारखान्याचा टँकर यायचा. पेलाभर शुद्ध पाणी काढायला ऊर्ध्वपातनाचं यंत्र गार ठेवण्यात बादल्या वाया जात, म्हणून ते बंद होतं. उरलेलं पाणी एका कॅनमध्ये होतं. वर सरांच्या सुरेख अक्षरात चिठ्ठी: शुद्ध पाणी. मी ते थेंब मोजून वापरलं. तिन्ही नमुने नासलेल्या दुधासारखे फाटले.

"आखूड शेपटीचाही फाटला?" सर सगळ्यांसमोर म्हणाले. "तो शुद्ध पाण्यात फाटायचाच नाही. टँकरचं तुरटीचं पाणी ओतलंस. साखळ्या चिकटणारच."

"कॅनमधलंच होतं सर, आईशप्पथ."

"वर खोटं बोलतो!" पुण्याच्या प्रयोगशाळेसाठी लिहिलेलं माझं शिफारसपत्र त्यांनी तिथंच फाडलं.

यंत्र चालू झाल्यावर मी प्रयोग पुन्हा केला. मध्यम शेपटीचं द्रावण स्वच्छ, उजेडात धरलं की निळसर झाक. बाटली घेऊन सरांच्या घरी गेलो. दार अर्धंच उघडलं. "आता काय उपयोग?" म्हणाले. तीच शेवटची भेट.

आता मी नेकनूरला तासिकेवर शिकवतो. अंत्यविधीला गेलो नाही. तास आहे म्हणून सांगितलं... तास नव्हता.

गेल्या आठवड्यात दाखल्यासाठी कॉलेजात गेलो, तर प्रयोगशाळेचे शिपाई भिवामामा भेटले. कॅन अजून फळीवरच होता. चिठ्ठीसकट.

"आता सांगाया हरकत न्हाई," मामा म्हणाले. "त्यो कॅन रिकामाच व्हता. तपासणीची समिती येणार, म्हून टँकरचं पाणी भरलं."

"तुम्ही?"

"म्या नुसता धरला. तुरटी सरांनी फिरवली, सोताच्या हातानं."

"विसरले असतील, मामा."

"न्हाई बाबा. पत्र फाडलं अन् तू रडत गेलास ना, त्याच दिवशी मला म्हनले, कॅन धुऊन टाक. चिठ्ठी तेवढी राहू दे."