असईत मी कायम इंग्रज

जाफराबादेत माझं औषधांचं दुकान आहे, पण निम्मं गाव मला 'इंग्रज' म्हणतं. गिऱ्हाईक काउंटरवर कोपर टेकून म्हणतं, "इंग्रज, खोकल्याचं द्या जल्दी." मी देतो. पूर्वी हसून द्यायचो. आता नुसतं देतो.

याचं कारण दुकानामागच्या खोलीत आहे. तिथे एक जुनं दार दोन टेबलांवर आडवं टाकलंय आणि त्या दारावर असईची लढाई मांडलेली आहे. दोनशे वर्षांपूर्वी आमच्या जवळच, केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात, मराठे आणि इंग्रज भिडले आणि मराठे हरले. बाहेरच्या देशांत लोक अशा जुन्या लढाया टेबलावर बोटभर उंचीच्या माणसांनी पुन्हा खेळतात. फासे टाकतात, टेपने अंतर मोजून सैन्य हलवतात, आणि निकाल इतिहासासारखाच लागेल असं काही नसतं. हे मला इंटरनेटवर दिसलं आणि मी त्याच्या नादी लागलो. नादी लागलो हा बायकोचा शब्द, पण बरोबर आहे.

माणसं मी घरीच केली. तारेचा सांगाडा, वर गळका नळ बुजवायचा मसाला, लाल कोटांना बायकोची नेलपॉलिश. तोफांना संपलेल्या रिफिली आणि शर्टाच्या गुंड्यांची चाकं. झाडं तुरीच्या काड्यांची. माती मात्र खरी असईच्या शिवारातली, चाळून गोंदावर बसवलेली. सगळ्यात जास्त जीव मी तोंडांवर लावला. इंग्रजांच्या लाल कोटात बहुतेक मद्रासेकडचे शिपाई होते, म्हणून त्या कोटांवरची तोंडं मी सावळी केली. भिंग लावून, एकेक.

खेळायला दुसरा माणूस लागतो. माझा शाळेतला मित्र हसनाबादला इतिहासाचा मास्तर आहे. तो दर रविवारी भरलेल्या जीपमध्ये स्वतःला कोंबून यायचा. पहिल्याच दिवशी त्याने खुर्ची मराठ्यांच्या बाजूला ओढली.

"मी इंग्रज व्हायचा न्हाई," तो म्हणाला. "वर्गात काय तोंड दाखवू?"

"मंग कोण होईल?"

"तू हो. औषधवाल्याला कोण विचारतंय?"

तर मी इंग्रज झालो. त्याने ही गंमत एसटी स्टँडवर सांगितली आणि नाव मला कायमचं चिकटलं.

त्याची खेळायची रीत अशी होती की हरण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. या खेळात फासा वाईट पडला की एखादी तुकडी धीर सोडते आणि मागे पळते. पण सेनापतीने मागे जाऊन तिला सावरलं तर ती परत लढायला येते. अर्धा खेळ या सावरण्यावर आहे. माझा मित्र काय करायचा? त्याची तुकडी पळायची वेळ आली की ती सगळी माणसं उचलून सरळ मेलेल्यांच्या डब्यात टाकायचा.

"पळाले न्हाईत," म्हणायचा. "पडले."

"अरे, पळाले तर परत येतील. डब्यातले कसे येणार?"

"न्हाई आले तरी चालतील. पण आपला माणूस पळाला न्हाई."

असं करत तो दर रविवारी हरायचा आणि चहा पिऊन खुशाल हसनाबादला जायचा. हरल्याचं दुःख त्याला नव्हतंच. आपल्या माणसांना हरवून मागे उरायचो मी. तो गेल्यावर डबा उघडून मराठे पुन्हा रांगेत लावताना मला खरोखर वाईट वाटायचं. मोठा माणूस, दोन लेकरांचा बाप, बोटभर बाहुल्यांपायी खंतावलेला. कोणाला सांगणार?

मला एकदा, फक्त एकदा, मराठ्यांच्या बाजूने खेळायचं होतं. कसं जिंकता येईल ते मी शोधून ठेवलं होतं. इंग्रज नदी ज्या उथळ उतारावरून ओलांडून आले, त्या उतारावर आधीच थोड्या तोफा आणि पायदळ नेऊन बसवायचं. पळणाऱ्यांना पळू द्यायचं, असईच्या भिंतीआड सावरायचं आणि परत आणायचं. रात्रंदिवस डोक्यात तेच. मित्राला दर वेळी म्हणायचो, एकदा बाजू बदलू. तो म्हणायचा, "पुढच्या रविवारी बघू." किती पुढचे रविवार आले आणि गेले.

मग एका गणपतीत इथल्या मंडळाने देखाव्यासाठी त्याला सल्ला विचारला. तो माझ्याकडे आला आणि त्याने दारच मागितलं.

"लोकांना कळू दे की आपल्या मातीत केवढी लढाई झाली. तुझं नाव घेऊ माइकवर."

नाव नको म्हणालो. एवढंच सांगितलं की काही चिकटवायचं नाही आणि काही रंगवायचं नाही.

"माझ्यावर सोड की," तो म्हणाला. मी सोडलं.

देखावा उघडला त्या संध्याकाळी मी रांगेत उभा राहून पाहायला गेलो. दाराला एका बाजूने टेकू देऊन तिरकं केलं होतं, मागच्यांना दिसावं म्हणून. तिरक्या दारावर माणसं उभी राहीनात, म्हणून सगळे मराठे घट्ट गोंदाने चिकटवलेले, तलवारी वर, तोंडं नदीकडे. इंग्रज केळणेत आडवे पडलेले. मेलेल्यांना गोंद कशाला लागतो? आणि त्या सगळ्या आडव्या माणसांची तोंडं पांढऱ्या ऑइल पेंटने फासलेली होती. कर्ण्यावर माझ्या मित्राचा आवाज सांगत होता की आपल्या शूरांनी शत्रूला नदीत बुडवलं. टाळ्या पडत होत्या. त्याच्या खांद्यावर मंडळाची शाल होती, हातात नारळ.

मी त्याला मांडवामागे गाठलं.

"हे काय केलं?"

"लोकं सणाला येऊन राह्यले. त्यांना हरलेलं दाखवू का?"

"आणि तोंडं?"

"काळे इंग्रज कुठं असतात, म्हणून पोरं हसून राह्यली होती."

"ते मद्रासचे शिपाई होते. तुला माहीत नव्हतं?"

"माहीत हाये की," तो शांतपणे म्हणाला. "वर्गात मीच शिकवतो."

याचा मला जेवढा राग आला तेवढा अजून कशाचा आला नाही. न कळून केलं असतं तर मी त्याला बसवून समजावलं असतं. कळणाऱ्याला काय समजावू? आमच्याच तोफांनी उडालेली ती परमुलखाची गरीब माणसं. त्यांच्यासाठी एक सावळा ठिपका दिला होता मी, तोही पुसला. मी त्याच्या तोंडावर त्याला लबाड म्हणालो. त्याने शाल सावरली आणि आरतीला गेला.

विसर्जनानंतर टेम्पोतून दार परत आलं, गुलालाने माखलेलं. मित्र बरेच रविवार आला नाही. मी दारावर चादर टाकून ठेवली.

मग एका रविवारी तो आला. दुकानातून न विचारता मागे गेला, चादर काढली, आणि माझ्या खुर्चीवर, इंग्रजांच्या बाजूला बसला.

"आज मी इंग्रज," तो म्हणाला. "तू आपली बाजू घे. लई दिवसांचं मागून राह्यलास."

त्याला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. माफी मागणं त्याला जमत नव्हतं, हे त्याच्या बदल्यात होतं. आणि मला, खोटं कशाला बोलू, आनंद झाला. मी त्याच्या जुन्या खुर्चीवर बसलो. त्याने पांढऱ्या तोंडाची माणसं केळणेतून उचलून उभी केली, फासा टाकला, टेपने मोजून उताराकडे आणली. मग टेप माझ्या हातात दिली.

"तुझी चाल."

उताराजवळ न्यायची म्हणून मी पहिली तोफ धरली. हलेना. आनंदाच्या भरात गोंदाचं मी विसरूनच गेलो होतो. शेजारचा तोफ डागणारा गोलंदाज धरला, जरा जोर लावला. माणूस वर आला आणि त्याचे पाय मातीत राहिले. दुसऱ्याचंही तेच. मी सगळ्या रांगेवरून बोट फिरवलं. एकूण एक माणूस दाराला पक्का होता.

मित्राने वाकून पाहिलं, आणि काहीतरी बोलून वेळ निभवावी म्हणून हसत म्हणाला,

"बघ, एक पण पळाला न्हाई."

मी बिनपायाचा गोलंदाज मुठीत धरून बसलो होतो. चाल माझी होती.