मामांची स्वस्तातली रायफल

माझ्या मामेसासऱ्यांच्या नजरेतून बिनतक्रार सुटलेली वस्तू या पृथ्वीतलावर अजून तयार व्हायची आहे. कॅनडातल्या विंडसरच्या एका मोटार कारखान्यात त्यांनी जन्मभर सुटे भाग तपासले आणि निवृत्त झाल्यावर उरलेली सृष्टी तपासायला घेतली. ओळखीच्या एका डॉक्टरांनी नवीकोरी महागडी गाडी हौसेने दाखवायला आणली, तर मामांनी दाराच्या फटीवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "वर तीन मिलिमीटर, खाली चार." डॉक्टर पेढे न वाटताच परत गेले. लग्न ठरण्याआधी मला पाहून झाल्यावर त्यांनी भाचीला दिलेला रिपोर्ट तर आमच्या घरात अजून ऐकवला जातो : "फिनिश रफ आहे, पण आतला माल बरा आहे. घेऊन टाक."

अशा माणसाने सत्तरी ओलांडल्यावर रायफल घ्यायची ठरवली, आणि तीही स्वस्तातली. मामा केकसुद्धा बिनअंड्याचा खाणारे, त्यामुळे मराठी मंडळात खळबळ उडाली. "मामा, मारणार कोणाला?" कोणीतरी विचारलं. "कागदाला," मामा म्हणाले. पुण्यात कॉलेजात असताना एनसीसीत ते नेमबाजी करायचे. पुढे नोकरी, कॅनडा, दोन मुली आणि दर हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचं बर्फ उपसणं यांत ती राहून गेली होती. त्यांनी रीतसर सेफ्टी कोर्स केला, शिकवणाऱ्याच्याच दोन चुका काढल्या आणि लायसन्स मिळवलं. मामी एवढंच म्हणाल्या, "आणा हो. पण परत करायचे म्हणून बेसमेंटमध्ये ठेवलेले तीन मिक्सर आधी हलवा."

मग दीड-दोन वर्षं आम्ही विंडसरपासून लंडनपर्यंतचं, म्हणजे कॅनडातल्याच लंडनपर्यंतचं, एकही दुकान सोडलं नाही. आम्ही म्हणजे परीक्षक ते आणि ड्रायव्हर मी. "स्वस्त वस्तूत कंपनी कुठेतरी हात आखडता घेतेच," मामा हायवेवर मला शिकवायचे. "तो कुठे घेतलाय, ते आपण बघायचं. रंग भिकार असू दे, दस्ता प्लॅस्टिकचा असू दे. पैसे नळीत आणि चापात घातलेत ना, मग झालं." दुकानात शिरले की ते मागची खिट्टी, म्हणजे बोल्ट, काढून नळीतून ट्यूबलाइटकडे बघत. नळीच्या तोंडाची कड भिंगाखाली धरत. मग खिशातून ग्रोसरीचं बिल काढून नळी आणि दस्ता यांच्यामधल्या फटीतून सरकवत. बिल अडकलं, म्हणजे नळी दस्त्याला टेकून नेम बिघडणार; रायफल रिजेक्ट. नाही अडकलं, तर आत गोळी नसल्याची दोनदा खात्री करून, डोळे मिटून, चाप इतक्या हळू ओढत की मागचं गिऱ्हाईक कंटाळून निघून जाई. "खरखरतोय," ते डोळे उघडून म्हणत. एका दुकानात चकचकीत लाकडाची, दस्त्यावर हरीण कोरलेली रायफल सेलवर होती. मामांनी नळीतून पाहिलं आणि म्हणाले, "तरीच म्हटलं, हरीण कशाला लागलं!" दुकानदार बिचारा काकुळतीला आला. "सर, लोक दहा मिनिटांत घेऊन जातात." मामा म्हणाले, "आणि दहा वर्षं पस्तावतात."

शेवटी लंडनजवळच्या एका दुकानात ती सापडली. काळ्या प्लॅस्टिकच्या दस्त्याची, लहान गोळीची, रूपाने यथातथाच. बिल सरळ निघालं. चाप जराही न खरखरता, काचेची काडी मोडावी तसा सुटला. मी मनातल्या मनात हात जोडले. तेवढ्यात मामा म्हणाले, "जरा हलकी आहे." आणि खाली ठेवली.

माझा संयम संपला. "मामा, हलकी असणं हा दोष कधीपासून झाला?"

दुकानदाराकडे वळून मामांनी तीच जाड नळीची मिळेल का विचारलं. तो आतून घेऊन आला. सगळी परीक्षा पहिल्यापासून झाली आणि रायफल पास झाली.

पहिल्या शनिवारी नेमबाजी क्लबच्या रेंजवर मामांनी पाच गोळ्या झाडल्या. कागदाला एकच लागली, तीही कोपऱ्यात. आता रायफल परत करायला पुन्हा लंडन, असं म्हणत मी गाडीची किल्ली चाचपली. शेजारी एक वयस्क शेतकरीणबाई सराव करत होत्या. मामांनीच त्यांना आपली रायफल चालवून बघण्याची विनंती केली. बाईंनी पाच गोळ्या झाडल्या. पाचही भोकं एका नाण्याखाली झाकली गेली असती. "फॉर द प्राइस, व्हेरी नाइस गन," बाई म्हणाल्या आणि रायफल टेबलावर ठेवली. ती उचलायला मामांनी हात पुढे केला, तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या बोटांकडे नीट पाहिलं. ती थरथरत होती.

परतताना गाडीत त्यांनी मांडीवर हात ठेवून बोटं मिटून घेतली. "दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "मामीला माहीत आहे. डॉक्टर म्हणतात, वाढत जाणार. म्हटलं, जड नळी घेतली तर जरा स्थिर राहील." मग म्हणाले, "रायफलीत काही खोट नाही हं, जावईबापू. परत करायची नाही."

आता दर शनिवारी मी त्यांना रेंजवर नेतो. वाळूच्या पिशवीवर नळी टेकवून ते नेम धरतात, मी शेजारी दुर्बीण लावून बसतो. "कुठे लागली?" ते विचारतात. "मध्याच्या थोडी डावीकडे," मी सांगतो. कधी ते खरं असतं. दुर्बीण त्यांच्या हाताच्या अंतरावर असते, पण ते ती मागत नाहीत. मान डोलावतात आणि पुढची गोळी भरायला घेतात. ती भरायला त्यांना हल्ली जरा वेळ लागतो. मी बसून राहतो.