उंबऱ्याबाहेरची शिकवणी

माझी आत्या एकोणतिसाव्या वर्षी मॅट्रिकला बाहेरून बसली आणि तिला इंग्रजी शिकवायचं काम माझ्याकडं आलं, कारण घरात दुसरं कोणी रिकामं नव्हतं. मी नववीत होते. मला इंग्रजी येतं असं कोणी म्हटल्याचं आठवत नाही.

आत्या विधवा, अमरावतीला आमच्याकडंच राहायची. मी चार वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून स्वयंपाक आणि मी, दोन्ही तिच्याकडं. बाबा वकील, पण घरात सोवळं कडक. सोवळ्यात पुस्तक चालायचं नाही, बांधणीला खळ लावलेली असते म्हणे. म्हणून मी पुस्तक घेऊन उंबऱ्याबाहेर आणि ती आत पोळ्या लाटतेय, अशी आमची शाळा.

"स्लो?"

"स्लोली."

"हॅपी?"

"हॅपिली. लवकर विचार, तवा तापून राहिला."

नामांचंही असंच. "डे?" "डेली." "म्हणजे?"

"म्हणजे ह्या पोळ्या," आत्या म्हणाली.

महिन्यातले तीन दिवस ती बाजूला बसायची. तेव्हा पुस्तक तिच्यापाशी. इंग्रजी पुस्तकाला विटाळ होत नाही, हे तिनं स्वतःच ठरवलं होतं आणि बाबांना विचारायच्या भानगडीत पडली नव्हती.

बरं चाललं होतं. परीक्षेला महिना उरला असताना बाबा जेवता जेवता म्हणाले, "पास झाली तर बाळापूरले मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून घेतात. राहावं मात्र तिथंच लागेल." आत्या वरण वाढत होती. ती हसली. अगं बाई, तिला इतके दात आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं. मी ताट तसंच टाकून उठले.

दुसऱ्या दिवसापासून मी तिला चुकीचं शिकवायला लागले. 'गुड'चं 'गुडली'. 'फास्ट'चं 'फास्टली'. चेहरा सरळ ठेवून, पुस्तकात बघून सांगायची. ती क्षणभर लाटणं थांबवायची, माझ्याकडं बघायची आणि म्हणायची, "गुडली." परीक्षेपर्यंत रोज. लाज वाटत नव्हती असं नाही. पण आत्या जाण्यापेक्षा लाज परवडली.

निकाल लागला. आत्या पास झाली, इंग्रजीतसुद्धा. बाबांनी पेढे वाटले आणि लगेच स्वयंपाकाच्या बाईची चौकशी सुरू केली.

जायच्या दिवशी ती ट्रंक भरत होती. मला राहवेना. विचारलं, "आत्या, 'गुड'चं काय लिहिलं तू?"

"वेल. पुस्तकात आहे तेच."

"मंग मी गुडली सांगून राहिली होती, तवा बोलली काहून नाही?"

तिनं लुगड्याची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली.

"काय बोलू? सासरी ठेवून घेतलं नाही, इथं पोळ्यांसाठी ठेवलं. मी जाऊ नये म्हणून कोणी एवढी लबाडी करंल, असं जन्मात झालं नव्हतं. म्हटलं, करू दे पोरीले."

मी तिच्या मांडीत तोंड खुपसून भडाभडा रडले. तिनं मला रडू दिलं. मग ट्रंकेला कुलूप घातलं, कारण बडनेऱ्याहून गाडी धरायची होती आणि टांगा दारात उभा होता.