नेकनूरचं आभाळ

धोंडीरामतात्यांनी लेक नेकनूरला दिली ती घर चांगलं बघून. पण त्यांच्या गावात, दिंद्रुडात, अजून म्हणतात, तात्यांनी सोयरीक केली ती आभाळाशी. उन्हाळ्याच्या तोंडाला वादळ उठलं की ते बहुधा नेकनूरच्या अंगानंच यायचं. म्हणून सकाळी दूध सोसायटीत किटल्या रित्या झाल्या की माणसं तात्यांभोवती गोळा व्हायची. मोबाइलवर इशारे येत, नाही असं नाही. "जिल्ह्यात काही ठिकाणी गारपीट," एवढंच त्यात. आता ते ठिकाण आपलं की शेजाऱ्याचं, हे कुणाला विचारायचं? तात्यांच्या लेकीला, केसरला!

तात्या फोन लावायचे. रामराम नाही, ख्यालीखुशाली नाही, पहिला सवाल तोच: "आभाळ कसं हाय?" केसर सगळं नीट सांगायची आणि शेवटी टोमणा मारायची, "अन् मी बरी हाय, तात्या." तोवर तात्या फोन ठेवून मोकळे. माणूस मायाळू, पण माया तोंडावाटे काढायची म्हणजे त्यांना दाढ काढल्यासारखं व्हायचं.

त्या वर्षी दुष्काळानं सगळ्यांना मेटाकुटीला आणलं होतं. कशीबशी आलेली ज्वारी काढून रानात पडली होती. तिच्या दाण्यावर घर आणि कडब्यावर म्हशी जगायच्या होत्या. दुपारी ऊन एकदम मळकट झालं. माणसं पुन्हा सोसायटीपुढं जमली आणि तात्यांनी फोन लावला.

"तात्या, गारा! लिंबाएवढ्या! ज्वारी झाका..." केसर ओरडली. मागं पत्रे धडाधडा वाजले आणि फोन बंद पडला.

सोसायटीपुढं चिटपाखरू उरलं नाही. जो तो ताडपत्री घ्यायला पळाला. तात्या मात्र पायरीवर बसून पुन्हा पुन्हा तोच नंबर लावत होते. त्यांची बायको भिवराबाई ताडपत्री घेऊन आली.

"आवं, उठा की! सांगितलं न्हवं तिनं? आता कशापायी फोन लावताव?"

"तिच्या घरावर पत्रे हायती," तात्या म्हणाले. "तू हो म्होरं."

भिवराबाईनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि एकटीनंच रानाची वाट धरली. अख्ख्या गावाला सावध करणाऱ्या माणसाची ज्वारी उघडी होती, आणि त्याला तिचं भानच नव्हतं. सोसायटीच्या छपरावर पहिल्या गारा ताडताड आदळल्या, तेव्हा कुठं फोन लागला.

"केसर, बरी हाईस का गं तू?" तात्या म्हणाले.



"कोण बोलतंय?" केसरनं विचारलं.