बिनविरोध एल्फ

आमच्या घरात कोणताही नेता निवडायचा असेल, तर आधी नेता निवडणाऱ्या सभेचा अध्यक्ष निवडावा लागतो. अध्यक्षाशिवाय आम्हाला संध्याकाळची भाजीसुद्धा ठरवता येत नाही. (एकदा अध्यक्षच जेवून आले होते, तेव्हा आम्ही लोणचं-भाकरीवर भागवलं आहे!) लहानपणापासून जयंतीच्या सभा, वस्तीच्या सभा, संघटनेच्या सभा पाहत मोठे झालेलो आम्ही. सूचक, अनुमोदक, प्रास्ताविक आणि आभार हे आमच्या रक्तातच आहे.

त्यामुळे आमची मुलगी प्रज्ञा सुट्टीत घरी आली आणि म्हणाली, "बाबा, मले माह्या एल्फांचा नेता निवडाचा हाय, पन जमूनच नाय राह्यलं," तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. आदिलाबादच्या आमच्या कॉलनी कमिटीचा मी कित्येक वर्षांचा अध्यक्ष, तोही दरवेळी बिनविरोध! सेक्रेटरी माझी बायको सुजाता, पण ती किरकोळ कामं बघते. नळाचं, रस्त्याचं, लाइटचं वगैरे. शाळेत मराठी शिकवतो ते पोटासाठी. माझा खरा जीव सभेत. एल्फ म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं, पण निवड म्हणजे काय हे पुरतं ठाऊक होतं!

प्रज्ञानं समजावलं. एल्फ म्हणजे टोकदार कानांची, जंगलात राहणारी मंडळी. माझा धाकटा भाऊ मिलिंद तहसिलात कारकून आहे. त्याचा चेहरा लगेच गंभीर झाला.

"जंगलात राह्यतेत? मंग जमिनीचे पट्टे भेटले का त्याईले?"

"काका, हे पत्ते हायेत, पत्ते! खेळाचे!"

"पत्त्यावरचे असतीन. पन जंगल तं सरकारीच ना? दरखास्त दिल्याबिगर राह्यता येत नाय."

खेळ असा की एका टेबलावर चौघं बसतात. प्रत्येकाची आपली गड्डी, आणि प्रत्येक गड्डीचा एक नेता. बाकीचे पत्ते पिसून ठेवायचे, नेता मात्र पहिल्यापासून सगळ्यांना दिसेल असा पुढ्यात मांडायचा. प्रत्येक पत्त्याची आपली करामत. एकमेकांवर चाल करायची, जो शेवटपर्यंत टिकला तो जिंकला. (एवढं कळायला मला दोन कप चहा आणि प्रज्ञाला तिचा सगळा संयम लागला!)

रविवारी या खेळाची स्पर्धा चक्क आमच्या गावात होती. हैदराबादच्या पोरांना नागपूर लांब, नागपूरच्या पोरांना हैदराबाद लांब. त्यामुळे तडजोड म्हणून आदिलाबादचा फंक्शन हॉल. जिंकणाऱ्याला बेंगळुरूच्या मोठ्या स्पर्धेत जागा. आणि आमची पोरगी वर्षभर जिथे जाईल तिथे पहिल्याच फेरीत बाद होत आली होती.

"बाबा, घरच्या गावात बी पहिल्याच फेरीत गेली ना, तं हे सारे पत्ते वाटून टाकीन," ती म्हणाली आणि पत्त्यांचा डबा तिनं बाजूला सारला. मला फार वाईट वाटलं. आणि (खोटं कशाला बोलू?) थोडं बरंही वाटलं, कारण माणूस अडचणीत असला की त्याला सभेचं महत्त्व चटकन पटतं. तिला पटलं. "सभा जे ठरवन ते मले मान्य," असं ती बोलून बसली.

अध्यक्षस्थानी माझी थोरली बहीण, कमलआत्या. बोथ गावच्या शाळेतून हेडमास्तरीण म्हणून रिटायर झाली, पण आवाज अजून नोकरीत आहे. मी प्रास्ताविक केलं. ते थोडं लांबलं, म्हणजे चहा थंड होऊन पुन्हा गरम करावा लागला इतकंच. मग प्रज्ञानं दोन उमेदवार टीपॉयवर मांडले. एक एल्फांचा राजा: तो मैदानात आला की हाताखालच्या प्रत्येक एल्फाची ताकद वाढते. दुसरी धनुर्धारी बाई: ती दर खेपेला समोरच्याचा एक गडी टिपते.

"राजाच करा!" मिलिंद म्हणाला. "वरून एक हुकूम सुटला का खालच्या साऱ्या फायली पयतेत."

"राजा?" सुजातानं हातातली बशी खाली ठेवली. "बापाच्या जागी बसलेला मानूस? या घरात? अहो, भिंतीवर संविधानाची उद्देशिका लटकवली, अन् तिच्या खाली राजा निवडता? लाज नाय वाटत?"

"वयनी, तो कागदाचा हाय!"

"उद्देशिका बी कागदाचीच हाय!"

आत्यानं टेबलावर चमचा आपटला. "अध्यक्ष मनून सांगते, ही सीट महिलेसाठी राखीव. बाणवाली पक्की."

"अध्यक्षानं निःपक्ष रहा लागते!" मिलिंद उठून उभा राहिला. "मी सभात्याग करून राह्यलो!"

त्यानं सभात्याग केला. बाहेर ऊन असल्यामुळे दोन मिनिटांत परत आला, पण नाराजी कायम ठेवून. प्रज्ञा मधून मधून म्हणत होती, "मले एकदा बोलू द्या ना," पण ती उमेदवारांची नातेवाईक असल्यामुळे आम्ही तिला परवानगी दिली नाही.

अशा वेळी माझ्यासारख्या मुरलेल्या माणसाला ठाऊक असतं काय करायचं ते. दोन तगडे उमेदवार अडून बसले की तिसरा शोधायचा, ज्याच्याबद्दल कोणाचंच काही म्हणणं नसतं! मी प्रज्ञाच्या डब्यात हात घातला आणि तळातून एक पत्ता वर काढला. गोल पोट, चेहऱ्यावर समाधान, खांद्यावर पाण्याचा घडा.

"बाबा, तो कचरा हाय! पाकिटासंगं फुकट आला."

"करामत काय याची?"

"तो पुढं असला का टेबलावरच्या साऱ्याईले एक एक पत्ता जास्त भेटते. दुश्मनाले बी!"

"ऐकलं?" मी उभाच राहिलो. "विरोधकांचंही भलं पाहणारा! राजा नाही, कोणाचा वारस नाही, कोणाला बाण मारत नाही. असा सर्वमान्य माणूस आजकाल कुठे सापडतो?"

मिलिंदनं पत्त्याकडे पाहिलं. त्याला हरकत दिसेना. सुजातालाही दिसेना. आत्या म्हणाली, "बाई असती तं बरं झालं असतं, पन पानी भरते मनजे कामाचा हाय." सूचक मी, अनुमोदक मिलिंद. टाळ्यांच्या गजरात पाणीवाला एल्फ बिनविरोध निवडून आला. राजा आणि बाणवाली यांची रवानगी गड्डीत, बाकीच्या गर्दीत झाली.

प्रज्ञा रडवेली होऊन म्हणाली, "मी अजून विचार करते, नाव संध्याकाळपर्यंत पाठवाचं हाय," तोवर मिलिंदनं तिच्याच फोनवरून आयोजकांना नेत्याचं नाव पाठवूनही दिलं होतं. एकदा पाठवलं की बदलता येत नाही, असा नियम! तहसिलात ज्याच्या टेबलावर कागद म्हातारे होतात, त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा एखादं काम त्याच दिवशी केलं आणि ते हे! प्रज्ञानं त्या रात्री खोलीचं दार लावून घेतलं. मला जेवण गेलं नाही. पोरीचं वर्षभराचं स्वप्न मी आभारप्रदर्शनासकट बुडवलं होतं.

रविवारी आम्ही सगळे झाडून फंक्शन हॉलवर गेलो. आदल्या लग्नातल्या नवरा-नवरीच्या खुर्च्या स्टेजवर तशाच होत्या. प्रज्ञाच्या टेबलावर कोणाचा नेता ड्रॅगन, कोणाचा राक्षस, कोणाचा हाडांचा सापळा. मध्ये आमचा घडेवाला! हैदराबादचा एक जण हसून लोटपोट झाला. "अय्यो! ये तो पानी पिलानेवाला है!"

खेळ सुरू झाला आणि हसू थांबलं. घडेवाल्यामुळे सगळ्यांना फुकटचे पत्ते मिळायला लागले. ड्रॅगननं सापळ्यावर चाल केली, सापळ्यानं राक्षसावर. प्रज्ञाला कोणी हातच लावेना! फुकट देणाऱ्याला कोण मारतो? तिघं एकमेकांना संपवून दमले, तोवर हिच्या बाजूला एल्फांची जत्रा भरली होती. प्रज्ञा जिंकली! पहिली फेरी पार!

आता शहाण्या माणसानं गप्प बसायचं. मी चहाच्या स्टॉलवर गेलो. तिथे नागपूरचे एक चष्मेवाले गृहस्थ भेटले. बिचाऱ्यांनी फक्त "आपकी लडकी ने अच्छा खेला" एवढंच म्हटलं. मी त्यांना बाकावर बसवून पूर्ण प्रास्ताविक ऐकवलं. सर्वमान्य नेत्याचं तत्त्व, फुकट पत्त्यांचं राजकारण, आणि "उस पानीवाले को पहले गिराया तो सब खतम!" हेसुद्धा. (त्यांनी फार मन लावून ऐकलं. असा श्रोता शाळेतही मिळत नाही!)

मधल्या फेऱ्याही प्रज्ञानं तशाच जिंकल्या, आणि अंतिम फेरीत तिच्या समोर येऊन बसली ती त्यांचीच मुलगी.

चष्मेवाले तिच्या कानाशी वाकले. तिनं बाकीच्या दोघांकडे पाहून मान हलवली. आणि तिघंही घडेवाल्यावर तुटून पडले! आग, वीज, तलवारी, हातात होतं नव्हतं ते सगळं त्या गरीब ढेरपोट्यावर ओतलं. प्रज्ञानं मान वळवून माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या नजरेनं मला माझी शाळा, पगार आणि बापपण सगळंच बिनकामाचं वाटलं.

"काऊन सांगतलं त्याईले?" सुजाता माझा दंड धरून म्हणाली. "तोंड हाय का लाउडस्पीकर?"

घडेवाला आडवा झाला, पण नेता पडला म्हणून खेळाडू बाद होत नाही. तिघांचीही हत्यारं संपली. आणि मग प्रज्ञानं शांतपणे हातातून राजा काढला. त्याच्या शेजारी बाणवाली. घडेवाल्याच्याच कृपेनं दोघं केव्हाचे हातात येऊन बसले होते, आणि आता त्यांना अडवायला कोणाकडे एक काडी उरली नव्हती! राजानं एल्फ फुगवले, बाणवालीनं समोरचे टिपले. मिलिंद ओरडला, "पाह्यलं? राजा!" आत्या त्याच्याहून मोठ्यानं ओरडली, "बाई हाय ते!" मी दोघांना मिठी मारली. माझे डोळे भरून आले, लपवत नाही.

बेंगळुरू पक्कं झालं. आयोजकांनी प्रज्ञाला स्टेजवर बोलावून माइक दिला आणि विचारलं, इतना कमजोर लीडर क्यों चुना? प्रज्ञा हसली. "हमारी कॉलनी में ऐसाइच चलता. सामने एक सीधे आदमी को बिठा देते. उसको भाषण का शौक, सबको चाय पिलाता, उससे किसीको डर नहीं. जिसको झगडना है, जाके उसीसे झगडता. तब तक पीछे काम करनेवाले काम कर लेते!"

हॉल खदाखदा हसला. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. असल्या बावळट माणसाला अध्यक्ष करणारी ही कॉलनी कुठली, म्हणून सुजाताला विचारलं.

"अहो, आपलीच," ती म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी मी कमिटीची तातडीची सभा बोलावली आणि राजीनामा मांडला. मग सेक्रेटरी, म्हणजे आमची सुजाता, उठली. "अहो, राहू द्या ना! तुमचा कोनाले काय तरास हाय?" मिलिंदनं लगेच अनुमोदन दिलं. टाळ्या झाल्या, राजीनामा एकमतानं नामंजूर झाला. मग सगळे माझ्याकडे पाहायला लागले, म्हणून मी चहा सांगितला.