ऑक्सिजनचे व्याही

किर्गिझस्तानातल्या कोचकोर गावच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवता शिकवता कुलिपा एजेंचे, म्हणजे आमच्या कुलिपाताईंचे, केस पांढरे झाले आणि भिंतीवरची आवर्तसारणी उन्हाने पुसट झाली. ऑक्सिडीकरण अंक वाचायची सोयच उरली नाही. एजेंचं काही अडलं नाही. पंगतीत कोण कुठे बसलाय यावरून त्याच्या वाट्याला मेंढीचं कुठलं हाड येणार हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं, मग मूलद्रव्यांचं काय वेगळं? डावीकडच्या पहिल्या उभ्या रांगेतला सोडियम एक इलेक्ट्रॉन देणार, शेजारचा कॅल्शियम दोन. उजव्या टोकाजवळचा क्लोरीन एक उचलणार, त्याच्या अलीकडचा ऑक्सिजन दोन. दिले की अधिक, घेतले की उणे.

यंदा त्यांनी आयपेरी या विद्यार्थिनीला जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी तयार केलं होतं. नंबर लागला तर राजधानीतली, बिश्केकची विज्ञानशाळा, नाहीतर बाप तिला गावाबाहेर धाडणार नव्हता. आणि आदल्या दिवशी पोरगी अडली. दोन फ्लोरिनांच्या संगतीतल्या ऑक्सिजनला तिने उणे दोनच लिहिलं. खरं तर फ्लोरीन ऑक्सिजनहूनही ओढाळ, दोघं मिळून त्याच्याकडूनच दोन इलेक्ट्रॉन काढून घेतात. समजावलं की मान डोलवायची आणि पुन्हा तेच लिहायचं.

"एजे, ऑक्सिजन मोठा माणूस," शेवटी ती हळूच म्हणाली. "मोठ्यांच्या ताटातलं काढून कसं घ्यायचं?"

एजेंना हसू आवरेना, पण स्पर्धा उद्यावर आली होती.

संध्याकाळी आयपेरीच्या भावाचे सासरे आले, म्हणून एजेंनाही बोलावणं होतं. मेंढीचं डोकं, पंगतीतला सगळ्यात मानाचा वाटा, रिवाजाने घरच्या आजोबांपुढे, सूयुनबायांपुढे आलं. त्यांनी ते व्याह्यांपुढे सरकवलं. एजे दाराशी चहा ओतणाऱ्या आयपेरीकडे झुकल्या.

"काय गं, आजोबा लहान झाले का?"

"छे. समोर व्याही बसलेत ना." पोरीचा हात थबकला. "म्हणजे फ्लोरीन व्याही! मग ऑक्सिजन अधिक दोन."

"कोण हा ऑक्सिजन?" आजोबांनी विचारलं. "जेवला का तो?"

दुसऱ्या दिवशी स्पर्धेत नेमका तोच प्रश्न आला. आयपेरीचा नंबर लागला आणि बापाने स्वतः तिची पेटी बांधली.

निरोपाच्या जेवणाला एजे सवयीने दाराजवळ, सगळ्यात खालच्या जागी टेकल्या. सूयुनबाय काठी टेकत उठले, स्वतःची मानाची जागा रिकामी केली आणि म्हणाले, "कुलिपा, इथे बस. आज आम्ही देणारे."

एजे तिथे जाऊन बसल्या. समोरचं ताट त्यांना बराच वेळ नीट दिसलं नाही.