चार अंड्यांची पाई

अंड्याचं पांढरं फेटून झालं की राजन्ना खानसामा पातेलं स्वतःच्याच डोक्यावर उपडं धरायचा. फेस जागचा हलला नाही, की झालं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा टॉवेल घेऊन धावले. तो शांतपणे म्हणाला, "पडला त माह्याच डोक्यावर पडन, बाई. साहेबाच्या ताटात कच्चा नाई जाणार."

ही चांद्याकडची, पन्नास सालानंतरची गोष्ट. माझे यजमान रेंजर. आमचं बिऱ्हाड सिरोंच्याच्या वाटेवरच्या फॉरेस्ट बंगल्यामागे. राजन्ना त्या बंगल्यावर गोऱ्या साहेबांच्या वेळेपासून होता. कस्टर्ड पाई ही त्याची मिरवायची वस्तू. मैद्याच्या पारीत दूध, साखर आणि पिवळ्या बलकाचं कस्टर्ड, वर पांढऱ्या फेसाची टोपी. भट्टी नव्हतीच. पातेल्यात रेती, खाली निखारे, झाकणावर निखारे. फेसाला बदामी रंग येईपर्यंत तो कुणाशी बोलत नसे. एरवी तोंडाचा पट्टा चालूच. "दूध गावचं, अंडे घरच्या कोंबडीचे, मेहनत माही. यात महाग काय हाय?"

मग बातमी आली, की आडवळणाच्या बंगल्यांवरचे खानसामे कमी करायचे आहेत आणि मोठे साहेब स्वतः पाहणीला येताहेत. गोदावरीकाठी राजन्नाच्या भावाची शेती होती, पण तो म्हणे, "मले नांगर धरता येत नाई, बाई. या उमरीत भावाच्या दारी बसून खाऊ काय?" मी म्हटलं, पाई करा, साहेब खूश होतील.

पाई अशी उतरली, की साहेबांनी भात अर्ध्यावर सोडून तीच पुढे ओढली. चमचा उचलला आणि विचारलं, "यात अंडं नाही ना? मी खात नाही."

यजमान छताकडे पाहू लागले. मी साताऱ्याची शहाणी, पटकन म्हणाले, "छे, नुसतं दूध आहे."

"चार अंडे हायेत, साहेब," दारातून राजन्ना म्हणाला. "बाईले मालूम नसन."

साहेबांनी चमचा खाली ठेवला. पुढचं जेवण कसं संपलं ते मला आठवत नाही, इतकी लाज वाटली. मागे जाऊन मी त्याच्यावरच चिडले. तो भांडी आवरत म्हणाला, "खाणारा आपल्या भरोशावर तोंड उघडते, बाई. नोकरीसाठी त्याले कसा बाटवू?"

महिन्याने हुकूम आला. बंगल्यावरची जागा गेली. सोबत साहेबांची चिठ्ठी होती: राजन्नाला चांद्याला माझ्या घरी पाठवा, असा माणूस मला स्वयंपाकघरात हवा आहे.

निरोप घ्यायला आला तेव्हा स्वारी खुशीत होती. "त्या घरी अंडं येत नाई म्हणते. पाई आता तुमीच करा." मी तोवर अंड्याला हात लावला नव्हता. त्याच्यासमोर चार फोडली, त्यातली दोन टरफलांसकट.

राजन्नाला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्याची फार आठवण येते. पाई बरी जमते, आणि पाहुणा पानावर बसला की त्याने विचारायच्या आधीच मी सांगते, "यात चार अंडी आहेत." काहीजण ताटली सरकवतात. सरकवू देत.